चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्यांचे क्ष-किरण : प्रतिमाने आणि पुरावे

जोडताऱ्यांपैकी एकाचा न्यूट्रॉन तारा झालेला असेल आणि दुसरा अजून सामान्य तारा असेल, तर दुसऱ्याचा वायू पहिल्याकडे ओढला जातो. न्यूट्रॉन ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट आणि त्रिज्या अवघी दहा-बारा किलोमीटर असते. त्यामुळे त्याच्या पृष्ठावर कोसळणाऱ्या प्रत्येक प्रोटॉनमागे जवळपास २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सुटते. हायड्रोजनचे हेलियम होताना प्रत्येक न्यूक्लिऑनमागे मिळणारी ऊर्जा सात दशलक्षांच्या आसपास असते, म्हणजे इथे गुरुत्वाकर्षण अणुऊर्जेच्या पंचवीसपटींहून अधिक देते. यातील बरीच ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते. त्यात तरुण न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकक्षेत्र एक लाख कोटी गॉस किंवा त्याहूनही अधिक असते. पडणारा वायू या क्षेत्रामुळे ताऱ्यावर सर्वत्र पसरत नाही, चुंबकीय ध्रुवांजवळच्या लहानशा भागात उतरतो. ध्रुव आणि परिवलनाचा अक्ष एका रेषेत नसल्याने तारा फिरतो तसा त्याचा क्ष-प्रकाश ठेक्यात कमी-जास्त होतो. अशा वस्तूंना क्ष-किरण पल्सार म्हणतात.

या पल्सारांकडून येणाऱ्या किरणांचा वर्णपट, स्पंदाचा आकार आणि ध्रुवण (प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राची ठरावीक दिशा) हे तिन्ही एकाच भौतिक चित्रातून गणिताने काढून दाखवणे, हा गेल्या पन्नास वर्षांतला अवघड प्रश्न आहे. अवघड अशासाठी की त्याचे धागे सुटे करता येत नाहीत. प्रारणाचा दाब वायूला थोपवतो, थोपलेला वायू तापून प्रारण निर्माण करतो, चुंबकक्षेत्र त्या प्रारणाची वाट ठरवते आणि गुरुत्वाकर्षण बाहेर पडलेल्या किरणांना वाकवते.

सुरुवात झाली ती उहुरू या उपग्रहापासून. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळील तळावरून तो सोडण्यात आला. रिकार्दो जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७१ मध्ये सेंटॉरस एक्स-३ या स्रोतात ४.८४ सेकंदांचे स्पंद आढळले. हा स्रोत २.०९ दिवसांच्या कक्षेत फिरतो आणि दर फेरीत जोडीदाराच्या आड जातो, हेही लवकरच कळले. पाठोपाठ हर्क्युलिस एक्स-१ सापडला. त्याचे परिवलन १.२४ सेकंदांचे, कक्षा १.७ दिवसांची, आणि त्याखेरीज तेज वाढण्या-मावळण्याचे ३५ दिवसांचे एक वेगळेच चक्र. या विषयातली जवळजवळ प्रत्येक कल्पना आजवर याच एका स्रोतावर तपासली गेली आहे, म्हणून पुढील विवेचनात त्याचे नाव वारंवार येईल.

वायू ताऱ्याकडे दोन तऱ्हांनी येतो. जोडीदार फुगून त्याचा वायू सांडत असेल तर न्यूट्रॉन ताऱ्याभोवती तबकडी तयार होते. जोडीदार तप्त आणि महाकाय असेल तर त्याच्या तारकीय वाऱ्यातूनच वायू पकडला जातो. २८३ सेकंदांत एक फेरी घेणारा व्हेला एक्स-१ हे दुसऱ्या प्रकारचे ठळक उदाहरण. दोन्ही प्रकारांत एक टप्पा असा येतो, की चुंबकक्षेत्राचा दाब वायूच्या दाबावर मात करतो. हा टप्पा ताऱ्यापासून काही हजार किलोमीटरवर, म्हणजे ताऱ्याच्या त्रिज्येच्या शेकडो पट अंतरावर असतो. तिथून पुढे वायू क्षेत्ररेषांना धरूनच खाली येऊ शकतो. तबकडी आणि चुंबकावरण यांच्या या देवघेवीचे सविस्तर गणित प्रणब घोष आणि फ्रेडरिक लँब यांनी १९७९ मध्ये मांडले. घोष पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यरत होते. तबकडी ताऱ्याला किती पिळते, त्याची फिरकी कशी वाढवते किंवा मंदावते, याच्या चर्चेत तो लेख आजही आधाराला घेतला जातो. तारा फार वेगाने फिरत असेल तर वायू आत न शिरता बाहेर भिरकावला जावा, असे भाकीत आंद्रेई इलारिओनोव्ह आणि रशीद सुन्याएव्ह यांनी १९७५ मध्ये केले होते. ४यू ०११५+६३ आणि व्ही ०३३२+५३ या स्रोतांचे तेज एका ठरावीक मर्यादेखाली येताच एकदम कोसळते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून दिसले. त्या मर्यादेवरून काढलेले चुंबकक्षेत्र वर्णपटावरून काढलेल्या क्षेत्राशी बऱ्यापैकी जुळते, आणि या क्षेत्रात असे जुळणे विरळा असल्याने त्याचे मोल मोठे आहे.

ध्रुवाजवळ वायू उतरतो तो भाग किती मोठा, हे साध्या भूमितीतून कळते. चुंबकावरणाची कड तीन हजार किलोमीटरवर असेल तर दहा किलोमीटर त्रिज्येच्या ताऱ्यावर या भागाची त्रिज्या अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिक येते. समजा स्रोताची तेजस्विता सूर्याच्या अडीच हजार पट आहे. त्यासाठी दर सेकंदाला सुमारे पाच हजार कोटी टन वायू पडावा लागतो. ही सारी ऊर्जा दोन ध्रुवांवरच्या तेवढ्याशा जागेतून कृष्णवस्तूसारखी बाहेर पडली, तर तापमान साडेपाच कोटी केल्विनच्या घरात येते आणि फोटॉनची ऊर्जा काही किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट, यापुढे केईव्ही, ते दहा-पंधरा केईव्ही एवढी भरते. क्ष-किरण का दिसतात, याचे उत्तर एवढ्यात मिळते. पण निरीक्षणातला वर्णपट कृष्णवस्तूचा नसतो. तो दहा-वीस केईव्हीपर्यंत हलक्या उताराने जातो, मग झपाट्याने घसरतो, आणि काही स्रोतांत त्याची शेपटी शंभर केईव्हीपर्यंत पोचते. ती शेपटी कुठून आली, हा खरा प्रश्न आहे.

त्याच्या उत्तराचा पहिला भक्कम पाया मिखाईल बास्को आणि सुन्याएव्ह यांनी १९७५-७६ मध्ये घातला. पृष्ठाजवळ येईपर्यंत वायूचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक झालेला असतो. तेजस्विता कमी असेल तर हा वायू थेट ताऱ्याच्या वातावरणात घुसतो आणि तिथल्या कणांवर आदळत थांबतो. अशा वेळी प्रकाश मुख्यतः वरच्या दिशेने, क्षेत्ररेषांच्या बाजूने निघतो. तेजस्विता एका मर्यादेपलीकडे गेली की मात्र प्रारणाचा दाबच वायूला पृष्ठाच्या वर अडवतो. तिथे आघात तरंग तयार होतो, त्याच्याखाली वायू सावकाश बसत जातो आणि ध्रुवावर तप्त स्तंभ उभा राहतो. वरून वायूचा लोट येत असल्याने प्रकाश स्तंभाच्या बाजूंनी, आडवा फाकतो. ही मर्यादा ढोबळमानाने सूर्याच्या काही हजारपट तेजस्वितेची आहे. ती चुंबकक्षेत्रावर आणि ध्रुवीय भागाच्या आकारावर अवलंबून असल्यामुळे प्रत्येक स्रोताची वेगळी. कमी तेजाला वर जाणारा झोत आणि जास्त तेजाला आडवा पसारा ही दुहेरी विभागणी इतकी सोयीची आहे, की पुढच्या बहुतेक लेखांत ती गृहीतच धरली गेली. प्रत्यक्षात अनेक स्रोत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात.

या स्तंभातून प्रकाश बाहेर कसा येतो, हे कळण्यासाठी चुंबकक्षेत्रातला इलेक्ट्रॉन समजून घ्यावा लागतो. एवढ्या बलाढ्य क्षेत्रात इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेच्या दिशेने मोकळा सरकतो, पण आडव्या दिशेने त्याची गती ठरावीक पायऱ्यांतच राहू शकते. या पायऱ्यांना लँडाउ पातळ्या म्हणतात. पहिल्या पायरीची ऊर्जा दर लाख कोटी गॉसला ११.६ केईव्ही. याचा परिणाम असा, की प्रकीर्णनाचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी फोटॉन विखुरण्याचे, प्रमाण फोटॉनची ऊर्जा, दिशा आणि ध्रुवण या तिन्हींवर विलक्षण अवलंबून असते. ज्याचे विद्युतक्षेत्र चुंबकक्षेत्राला लंब आहे, त्या फोटॉनची ऊर्जा पायरीच्या ऊर्जेपेक्षा कमी असेल तर इलेक्ट्रॉन त्याला दाद देत नाही. पायरी ४० केईव्हीची आणि फोटॉन ४ केईव्हीचा असेल, तर प्रकीर्णनाचा संभव नेहमीच्या शंभराव्या हिश्शावर येतो. तोच स्तंभ एका ध्रुवणाच्या प्रकाशाला दाट असतो आणि दुसऱ्या ध्रुवणाच्या प्रकाशाला बराच विरळ. त्यात भर म्हणजे एवढ्या क्षेत्रात निर्वातही प्रकाशाच्या दोन ध्रुवणांना सारखी वागणूक देत नाही. क्वांटम विद्युतगतिकीचा हा परिणाम प्रयोगशाळेत पकडणे अतिशय कठीण आहे, पण न्यूट्रॉन ताऱ्याच्या वातावरणाचे गणित त्याला वगळून पुरे होत नाही. १९८० च्या दशकात पीटर मेसारोश आणि वर्नर नागेल यांनी हे सारे धरून प्रारणवहनाची गणिते केली. ती स्थिर, एकसारख्या तापमानाच्या थरासाठी होती. कोसळत्या वायूचा वेग त्यांत नव्हता.

तो वेग आणला पीटर बेकर आणि मायकल वुल्फ यांनी. २००५ आणि २००७ मधील त्यांच्या लेखांनी या विषयाला वळण दिले, आणि त्यांची युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. स्तंभाच्या तळाशी तप्त उंचवटा असतो. तो कमी ऊर्जेचे फोटॉन सोडतो. याखेरीज वायूतले इलेक्ट्रॉन आयनांजवळून जाताना आणि लँडाउ पायऱ्या उतरतानाही फोटॉन सोडतात. यातला एक फोटॉन घेतला तर तो बाहेर पडण्याआधी अनेकदा इलेक्ट्रॉनांवर आदळतो. इलेक्ट्रॉन नुसते तापलेले नाहीत, ते प्रचंड वेगाने खाली येत आहेत आणि खाली येता येता मंदावत आहेत. दाबल्या जाणाऱ्या अशा वायूत सापडलेला फोटॉन प्रत्येक फेरीत थोडी थोडी ऊर्जा कमावतो. बहुतेक फोटॉन लवकर निसटतात, मोजकेच दीर्घकाळ अडकून खूप ऊर्जा मिळवतात, आणि वर्णपटाचा तो हलका उतार यातून तयार होतो. इलेक्ट्रॉनांचे तापमान मात्र शेकडो केईव्हीचे नसते. त्यांच्याहून ऊर्जावान झालेला फोटॉन उलट त्यांनाच ऊर्जा देऊ लागतो, म्हणून उंच ऊर्जेला वर्णपट झपाट्याने तुटतो. हे गणित कागदावर सुटावे यासाठी बेकर आणि वुल्फ यांनी स्तंभ सरळ नळकांड्यासारखा मानला, तापमान सर्वत्र एक धरले, वेगाचा उतार सोयीच्या सूत्राने लिहिला आणि प्रकीर्णनाच्या गुंतागुंतीऐवजी दिशेनुसार सरासरी आकडे घेतले. हर्क्युलिस एक्स-१, सेंटॉरस एक्स-३ आणि एलएमसी एक्स-४ या तिन्हींचे वर्णपट या प्रतिमानाने छान साधले.

त्याआधी, आणि बहुतांश त्यानंतरही, निरीक्षक वेगळीच पद्धत वापरत आले. घातांकी उताराचे एक सूत्र घ्यायचे, त्याला वरच्या टोकाला कात्री लावायची, ६.४ केईव्हीजवळ लोहाची रेषा जोडायची आणि आकडे जुळवायचे. ही सूत्रे वर्णनाला उत्तम असली तरी त्यांच्या आकड्यांतून ताऱ्याबद्दल थेट काही कळत नाही. दहा केईव्हीच्या आसपास कित्येक स्रोतांत एक फुगवटा किंवा खळगा उरतो. तो खरा आहे की सूत्राच्या अपुरेपणाची खूण, यावर अजून वाद आहे. बेकर-वुल्फ प्रतिमानात आकड्यांना अर्थ आहे, ही मोठी प्रगती. मात्र वर्णपट जुळला म्हणजे स्तंभ तसाच आहे, असे मानण्याची सवय त्यातूनच रुजली, आणि ती फारशी सुरक्षित नव्हती.

चुंबकक्षेत्र मोजण्याची सर्वांत थेट वाट म्हणजे सायक्लोट्रॉन रेषा. लँडाउ पायरीएवढ्या ऊर्जेचे फोटॉन इलेक्ट्रॉनांकडून जोराने विखुरले जातात आणि वर्णपटात त्या जागी खळगा पडतो. १९७६ मध्ये टेक्ससमधून सोडलेल्या बलूनवरील उपकरणांनी योआखिम ट्र्युम्पर यांच्या गटाला हर्क्युलिस एक्स-१ मध्ये अशी रेषा दाखवली. ती उत्सर्जनाची की शोषणाची, हे ठरायला वेळ लागला. आज ती चाळीस केईव्हीच्या आसपासचा खळगा म्हणून ओळखली जाते. गुरुत्वाकर्षणाने फोटॉनच्या ऊर्जेत होणारी घट जमेस धरली की क्षेत्र साडेचार लाख कोटी गॉसच्या जवळ येते. ४यू ०११५+६३ मध्ये मूळ रेषा १२ केईव्हीला आहे आणि तिच्या पटीत आणखी तीन-चार रेषा दिसतात.

रेषेची जागा कळली तरी तिचा आकार समजत नाही. मूळ रेषेच्या खळग्यात वरच्या पायऱ्यांवरून उतरणारे इलेक्ट्रॉन नवे फोटॉन ओततात, त्यामुळे ती उथळ होते. संगणकावर एकेका फोटॉनचा प्रवास मांडणाऱ्या गणनांत खळग्याच्या दोन्ही काठांवर उंचवटेही दिसतात. निरीक्षणात ते जवळजवळ कधीच दिसत नाहीत. बहुधा स्तंभाच्या वेगवेगळ्या उंचीवरील वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या रेषा एकमेकींत मिसळून ते पुसले जातात.

रेषा स्थिरही नसते. व्ही ०३३२+५३ मध्ये तेज वाढले की रेषेची ऊर्जा घटते, हर्क्युलिस एक्स-१ मध्ये उलट वाढते. पहिल्या वर्तनाचा सोपा अर्थ असा, की तेज वाढता आघात तरंग वर चढतो आणि वर क्षेत्र क्षीण असते. पण द्विध्रुवी क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, आणि स्तंभ खरेच तेवढा चढला असता तर रेषा दिसते त्याहून कितीतरी अधिक सरकली असती. युरी पोउतानेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये यावर तोड सुचवली. रेषा स्तंभात तयार होत नसून स्तंभाचा प्रकाश ताऱ्याच्या पृष्ठावर पडून परावर्तित होतो तिथे तयार होते, आणि स्तंभ उंच झाला की प्रकाश ध्रुवापासून दूरच्या, क्षीण क्षेत्राच्या भागावर पडतो, अशी ही मांडणी आहे. दुसरीकडे हर्क्युलिस एक्स-१ ची रेषा १९९६ नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत जवळपास चार केईव्हीने खाली आली आणि मग ही घसरण थांबली. ताऱ्याचे मूळ क्षेत्र इतक्या झटपट बदलत नाही, तेव्हा बदल ध्रुवावर साचलेल्या ढिगात शोधावा लागतो. पुण्याच्या आयुका या संस्थेत दीपांजन मुखर्जी आणि दीपांकर भट्टाचार्य यांनी २०१२ च्या सुमारास अशा ढिगांचे चुंबक-द्रवगतिकीय गणित केले. ढिगाची उंची काही दहा मीटरच, पण त्याच्या वजनाने क्षेत्ररेषा बाजूला रेटल्या जातात आणि स्थानिक क्षेत्र मूळ द्विध्रुवापेक्षा पुष्कळ वेगळे होते. रेषेवरून वाचलेला आकडा ताऱ्याच्या क्षेत्राचा की त्या ढिगाच्या कडेचा, ही शंका तेव्हापासून दूर सारता येत नाही.

स्पंदांच्या आकाराची कथा वेगळ्या कारणाने बिकट आहे. न्यूट्रॉन ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण प्रकाश एवढा वाकवते, की त्याच्या पाठीमागचाही बराच भाग समोरून दिसतो. दोन्ही ध्रुवांचा प्रकाश एकाच वेळी पोचतो आणि एकमेकांत मिसळतो. स्पंदाचा आकार हा झोताची ठेवण आणि ध्रुवांची जागा यांचा एकत्रित परिणाम असतो. एक माहीत असेल तर दुसरे काढता येते, पण एरवी दोन्ही अज्ञातच असतात, म्हणून एकाच आकाराला अनेक भूमिती लागू पडतात.

तेजाच्या दोन टोकांना प्रतिमाने सर्वांत ताणली जातात. एम८२ या दुसऱ्या दीर्घिकेतला एम८२ एक्स-२ हा १.३७ सेकंदांचा पल्सार २०१४ मध्ये नूस्टार दुर्बिणीने ओळखला. त्याची तेजस्विता सूर्याच्या ४५ लाखांहून अधिक पट, म्हणजे प्रारणदाबाने ठरणाऱ्या एडिंग्टन मर्यादेच्या सुमारे शंभरपट आहे. प्रबळ क्षेत्रात प्रकीर्णन घटते, त्यामुळे मर्यादा शिथिल होते हे खरे. मात्र प्रकाश झोतबद्ध होऊन आपल्या दिशेने जास्त येत असावा, असाही पक्ष आहे. आपल्याच आकाशगंगेतील स्विफ्ट जे०२४३.६+६१२४ मध्ये चिनी उपग्रह एचएक्सएमटीला १४६ केईव्हीपर्यंतची रेषा दिसली. त्यावरून क्षेत्र सोळा लाख कोटी गॉसच्या घरात येते, आणि आजवर रेषेवरून मोजलेल्या क्षेत्रांत ते सर्वाधिक बलवानांपैकी आहे.

दुसऱ्या टोकाला, तेज फार मंदावल्यावर, सगळ्यांना वाटत होते की वर्णपट फक्त खाली येईल. जीएक्स ३०४-१ ने २०१९ मध्ये ते खोटे ठरवले. त्याच्या वर्णपटाला पाच केईव्हीजवळ एक आणि तीस-चाळीस केईव्हीजवळ दुसरा असे दोन स्वतंत्र उंचवटे आले. २०२१ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे सारखेच स्पष्टीकरण दिले. पडणारे कण वातावरणाचा वरचा पातळ थर खूप तापवतात, तिथे धडकांनी इलेक्ट्रॉन वरच्या लँडाउ पायरीवर जातात आणि खाली येताना सायक्लोट्रॉन फोटॉन सोडतात, तेच विखुरले जाऊन दुसरा उंचवटा तयार होतो. इथे स्तंभ नाही, आघात तरंग नाही, आणि म्हणूनच सूक्ष्म प्रक्रियांची गणिते स्वच्छपणे तपासता येतात. या मंद अवस्थांचा अभ्यास झगमगत्या स्रोतांपेक्षा अधिक शिकवणारा ठरला आहे.

स्तंभ स्थिर असतो हे जुने गृहीतही डळमळले आहे. त्यात प्रकाशाने भरलेले बुडबुडे वर येत असावेत, असे रिचर्ड क्लाइन आणि जॉनथन अॅरन्स यांनी १९८९ मध्येच मांडले होते. अलीकडे लिझोंग झांग, ओमर ब्लेस आणि यान-फेई जियांग यांच्या प्रारणयुक्त गणनांत स्तंभ सेकंदाला हजारो वेळा वर-खाली होताना दिसतो. निरीक्षणात आपण त्याची सरासरी पाहतो, आणि सरासरी स्तंभाचा वर्णपट स्थिर स्तंभासारखा असेलच, याला आधार नाही.

सर्वांत मोठा धक्का ध्रुवणाने दिला. दोन ध्रुवणांना स्तंभ इतका वेगळा दिसत असेल तर बाहेर येणारा प्रकाश तीव्र ध्रुवित असावा. साठ ते ऐंशी टक्क्यांपर्यंतची भाकिते झाली होती. ९ डिसेंबर २०२१ रोजी आयएक्सपीई हा उपग्रह सोडला गेला, २ ते ८ केईव्हीत ध्रुवण मोजणारा. हर्क्युलिस एक्स-१ चे सरासरी ध्रुवण नऊ टक्क्यांच्याही आत निघाले, सेंटॉरस एक्स-३ चे सहा टक्क्यांच्या आसपास, व्हेला एक्स-१ चे त्याहून कमी. वर्णपट उत्तम जुळवणारी प्रतिमाने एका मोजमापात दहापटीने चुकली. एक स्पष्टीकरण असे, की वातावरणाचा वरचा थर खालच्यापेक्षा तप्त आहे आणि जिथे आयनित वायूचा (प्लाझ्माचा) व निर्वाताचा परिणाम एकमेकांना छेदतो, तिथे दोन ध्रुवणांची सरमिसळ होते. वेगवेगळ्या भागांतला, परस्परविरोधी ध्रुवणाचा प्रकाश मिसळणे हाही पर्याय आहे. दोन्ही शक्यता गणिताने पुऱ्या तपासलेल्या नाहीत.

याच मोजमापांनी एक जुना अडसर मात्र दूर केला. ध्रुवणाचा कोन ताऱ्यापासून बऱ्याच अंतरावर ठरतो, जिथे क्षेत्र पुन्हा साधे द्विध्रुवी झालेले असते. परिवलनाबरोबर तो कसा वळतो, हे पाहून चुंबकीय अक्षाचा परिवलन-अक्षाशी असलेला कोन काढता येतो. स्पंदाच्या आकारातल्या दोन अज्ञातांपैकी एक गोष्ट यामुळे स्वतंत्रपणे हाती येते. हर्क्युलिस एक्स-१ मध्ये हा कोन ३५ दिवसांच्या चक्राबरोबर बदलत असल्याचेही दिसले, आणि केवळ तबकडी डुलते की ताऱ्याचे कवचही डुलते, हा जुना वाद पुन्हा जागा झाला.

भारताचा सहभाग उपकरणांच्या बाजूनेही आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या अॅस्ट्रोसॅटवरील एलएएक्सपीसी हे टाटा संस्थेत घडवलेले उपकरण ३ ते ८० केईव्हीच्या पट्ट्यात काम करते. बहुतेक सायक्लोट्रॉन रेषा याच पट्ट्यात येतात. १ जानेवारी २०२४ रोजी प्रक्षेपित झालेल्या एक्सपोसॅटवर बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने बनवलेले पोलिक्स हे उपकरण आहे. ते ८ ते ३० केईव्हीत ध्रुवण मोजते, म्हणजे आयएक्सपीई जिथे थांबतो तिथून पुढे. ४यू ०११५+६३ ची मूळ रेषा, व्हेला एक्स-१ ची पंचवीस केईव्हीजवळची रेषा आणि व्ही ०३३२+५३ ची अठ्ठावीस केईव्हीच्या आसपासची रेषा या पट्ट्यात बसतात. रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे ध्रुवण वेगाने बदलायला हवे, असे सर्वच प्रतिमाने सांगतात. किती बदलायला हवे, यावर ती एकमेकांपासून वेगळी होतात.